पाच स्पेशालिस्ट, एक फाइल : डाऊन सिंड्रोम असलेल्या बाळाचे उपचार एका हातात कसे आणायचे

डाऊन सिंड्रोम (21वं गुणसूत्र जास्तीचं असल्यामुळे जन्मतः असणारी अवस्था) असलेल्या बाळाचा केसपेपर वर्षभरात हृदय, थायरॉइड, कान, डोळे आणि फिजिओथेरपी अशा पाच ठिकाणी तरी निघतो. प्रत्येक ठिकाणी तारीख वेगळी, औषधं वेगळी. प्रत्येक डॉक्टर आपापल्या विषयात बरोबरच असतो, घोळ होतो तो दोन ओपीडींच्या मधल्या जागेत. सर्जन म्हणतात, वजन वाढलं की ऑपरेशन करू. हृदय दमलेलं असल्यामुळे वजन वाढत नाही. भूलतज्ज्ञ थायरॉइडचा रिपोर्ट मागतात आणि तो काढलेलाच नसतो, कारण तो कोणी काढायचा हे ठरलेलं नसतं.

ही मधली जागा साध्या बालरोगतज्ज्ञाची. सर्दी-ताप, जुलाब आणि लसी एवढ्यावर त्याचं काम पूर्वी भागत असे. आता नवजात अतिदक्षता विभाग आणि हृदयशस्त्रक्रिया जिल्ह्याच्या गावांच्या आवाक्यात आल्या आहेत. पूर्वी जगत नसत ती मुलं मोठी होतात आणि त्यांच्याबरोबर त्यांची फाइलही जाड होत जाते. अमेरिकन अकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्सने 1967 साली ‘मेडिकल होम’ हा शब्द वापरला तेव्हा त्याचा अर्थ एवढाच होता की मुलाच्या सगळ्या नोंदी एका जागी असाव्यात. पुढे त्यात समन्वय, कुटुंबाशी बोलणं, अडीअडचणीला उपलब्ध असणं असं बरंच आलं. आपल्याकडे मात्र अजूनही बहुतेक वेळा मूळ गोष्टच, म्हणजे एका जागची नोंदच, सापडत नाही. म्हणून सुरुवात तिथूनच करू.

आधी माणूस ठरवा

नामांकित डॉक्टर शोधण्यापेक्षा जवळचा शोधा. अर्ध्या तासात पोहोचता येईल, बाळाचं वजन दर वेळी स्वतः बघेल, हाताने का होईना पण नीट लिहून देईल आणि ‘हे माझ्या विषयातलं नाही, पण कोणाला विचारायचं ते मला माहीत आहे’ असं म्हणायला कचरणार नाही, असा बालरोगतज्ज्ञ हवा. पहिल्याच भेटीत सरळ विचारा: ‘डॉक्टर, याची सगळी फाइल तुम्ही बघाल का? बाकीच्यांशी गरज पडली तर बोलाल का?’ काही जण नाही म्हणतील. ते प्रामाणिक उत्तर आहे, दुसरीकडे जा.

पैशाचंही त्याच वेळी बोलून घ्या. चाळीस पेशंटच्या ओपीडीत तीन मिनिटांत जाड फाइल वाचून होत नाही, आणि सर्जनला फोन करण्याचे पैसे डॉक्टरला कोणी देत नाही. दर तीन महिन्यांनी एकदा, गर्दी नसलेल्या वेळेची, अर्ध्या तासाची भेट मागा आणि तिची वेगळी फी द्या. यात संकोच करण्यासारखं काही नाही. फुकट मागितलेलं काम घाईत होतं.

पहिल्या काही आठवड्यांतल्या तपासण्या

इथे एक नियम लक्षात ठेवा: बाळ दिसायला ठीक आहे म्हणून कुठलीही तपासणी टाळायची नाही.

हृदय. डाऊन सिंड्रोम असलेल्या साधारण निम्म्या बाळांच्या हृदयात जन्मतः दोष असतो. स्टेथोस्कोपने काही ऐकू आलं नाही म्हणजे हृदय चांगलं, हा समज सर्वात महागात पडतो. जन्मानंतर पहिले काही आठवडे फुप्फुसांच्या रक्तवाहिन्यांमधला दाब जास्तच असतो, त्यामुळे हृदयात मोठं छिद्र असूनही आवाज येत नाही. म्हणून प्रत्येक बाळाचा टूडी इको (हृदयाची सोनोग्राफी) करायचा, आणि तोही लहान मुलांचे हृदयरोगतज्ज्ञ करतात तिथे.

रक्त. पहिल्या तीन दिवसांत सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) आणि स्मिअर (काचेवर रक्त पसरून पेशी बघणं). काही बाळांच्या रक्तात कॅन्सरसारख्या दिसणाऱ्या पेशी तात्पुरत्या आढळतात. बहुतेकांत त्या आपोआप जातात, पण अशा मुलांना पुढे ल्युकेमियाचा (रक्ताच्या कॅन्सरचा) धोका राहतो. त्यामुळे ही नोंद फाइलमधून हरवता कामा नये.

थायरॉइड. जन्मानंतर 72 तासांनी टीएसएच आणि टी-4 (थायरॉइडच्या रक्ततपासण्या; थायरॉइड कमी पडलं की टीएसएच वाढतं), मग 6 महिन्यांना, 12 महिन्यांना आणि पुढे दर वर्षी. पहिल्या दिवशीच रक्त घेतलं तर टीएसएच खोटं वाढलेलं दिसतं आणि उगाच धावपळ होते.

कॅरिओटाइप. चेहऱ्यावरून निदान स्पष्ट असलं तरी ही गुणसूत्रांची तपासणी करायची. साधारण 95 टक्के मुलांमध्ये 21वं गुणसूत्र सुटं जास्तीचं असतं (ट्रायसोमी 21). थोड्यांमध्ये मात्र ते दुसऱ्या गुणसूत्राला चिकटलेलं असतं. तसं असेल तर आईवडिलांचीही तपासणी लागते, कारण पुढच्या बाळाचा धोका त्यावर ठरतो. दुसऱ्या मुलाचा विचार सुरू झाल्यावर हा रिपोर्ट शोधण्यात घरं पालथी घातली जातात.

कान आणि डोळे. पहिल्या महिन्यात ऐकण्याची चाचणी, त्यात शंका आली तर तीन महिन्यांच्या आत बेरा (आवाजाला मेंदू प्रतिसाद देतो का हे यंत्राने बघणारी चाचणी). मोतीबिंदूसाठी डोळ्यातली लाल चमक जन्मतःच बघायची आणि सहा महिन्यांच्या आत लहान मुलांच्या नेत्रतज्ज्ञांकडे पूर्ण तपासणी करायची.

पोट. हिरवी उलटी झाली तर त्याच दिवशी बालशल्यचिकित्सकांकडे जायचं, उद्यावर ढकलायचं नाही. जन्मानंतर 48 तासांत शी झाली नसेल किंवा पोट फुगत असेल तर आतड्याच्या जन्मजात दोषाचा विचार करावा लागतो.

फाइलचं पहिलं पान

प्लास्टिकची रिंग फाइल घ्या. रिपोर्ट विषयवार लावू नका, तारखेनुसार लावा, नवा सगळ्यात वर. विषयवार लावलेली फाइल व्यवस्थित दिसते, पण काय आधी झालं आणि काय नंतर हे तिच्यातून कळत नाही. त्या सगळ्यावर एक पान. ते बालरोगतज्ज्ञाने लिहायचं किंवा तुम्ही लिहून त्यांच्याकडून तपासून घ्यायचं. नमुना असा (एव्ही कॅनॉल म्हणजे हृदयाच्या मधोमध मोठं छिद्र आणि दोन झडपांऐवजी एकच झडप; फ्रुसेमाइड म्हणजे अंगातलं जास्तीचं पाणी लघवीवाटे काढणारं औषध; थायरॉक्सिन म्हणजे थायरॉइडचं औषध):

*मुलगी, वय 4 महिने. आजचं वजन 4.3 किलो (जन्मवजन 2.2). ट्रायसोमी 21, कॅरिओटाइप झालेला आहे.*
*हृदय: पूर्ण एव्ही कॅनॉल दोष, ऑपरेशन झालेलं नाही. नेहमीची ऑक्सिजन पातळी 92 ते 94.*
*थायरॉइड: कमी. तिसऱ्या आठवड्यापासून औषध चालू. शेवटचं टीएसएच 4.1, तारीख सोबत.*
*औषधं: फ्रुसेमाइड 4 मि.ग्रॅ. सकाळी 8 आणि दुपारी 4. थायरॉक्सिन 37.5 मायक्रोग्रॅम पहाटे 6. लोह 8 मि.ग्रॅ. दुपारी 12. ड जीवनसत्त्व 400 युनिट.*
*ॲलर्जी: माहीत नाही. लसी: 14 आठवड्यांपर्यंतच्या पूर्ण.*
*सलाइन देण्याआधी हृदयरोगतज्ज्ञांना विचारा. भूल देताना मान जपून.*
*पुढची पावलं: शस्त्रक्रियेची तारीख, बेरा राहिला आहे, नेत्रतपासणी 6 महिन्यांच्या आत.*

ऑक्सिजनची नेहमीची पातळी लिहिण्याला फार किंमत आहे. रात्री दोन वाजता अनोळखी रेसिडेंट डॉक्टर 93 बघून घाबरतो. पानावर 92 ते 94 लिहिलेलं असेल तर तो पुढचा प्रश्न विचारतो. उलट 85 आलं तर हे नेहमीचं नाही हेही त्याला त्याच क्षणी कळतं. पानावर तारीख घाला आणि दर भेटीला नवं पान करा. जुनं फाडू नका, मागे लावा. फोनमध्ये फोटो ठेवताना बाळाचं नाव आणि तारीख फोटोत आली पाहिजे. नाव कापलं गेलेला रिपोर्ट डॉक्टरच्या व्हॉट्सॲपवर निरुपयोगी ठरतो.

ऑपरेशनपूर्वीची साखळी

समन्वयाचं खरं काम इथे दिसतं, म्हणून हा भाग सविस्तर.

पूर्ण एव्ही कॅनॉलचं ऑपरेशन साधारण तीन ते सहा महिन्यांच्या दरम्यान करायचं असतं. डाऊन सिंड्रोममध्ये फुप्फुसांच्या रक्तवाहिन्या लवकर कडक होतात. उशीर झाला तर छिद्र बंद करणंच धोक्याचं ठरतं आणि मग ऑपरेशन होऊच शकत नाही. त्यामुळे ‘वजन वाढू दे’ या वाक्याला तारीख हवी. बालरोगतज्ज्ञाने सर्जनना विचारायचं: किती वजन, कोणत्या तारखेपर्यंत, आणि तोवर वाढलं नाही तर काय करायचं?

वजनाचा हिशेब घरीही ठेवता येतो. आठवड्यातून एकदा, त्याच काट्यावर, कपडे काढून, दूध पाजण्याआधी वजन करा. पहिल्या तीन महिन्यांत आठवड्याला दीडशे ते दोनशे ग्रॅम वाढ अपेक्षित असते. सलग दोन आठवडे शंभरपेक्षा कमी वाढ झाली तर पुढच्या तारखेची वाट बघू नका. दूध पिताना कपाळावर घाम येणं, मध्येच थांबून धापा टाकणं, एका वेळच्या दुधाला अर्ध्या तासापेक्षा जास्त वेळ लागणं ही हृदय दमल्याची लक्षणं आहेत. बाळ ‘आळशी’ आहे असं घरातली मोठी माणसं म्हणतील, ते मनावर घेऊ नका. अशा बाळाला जास्त उष्मांक लागतात. आईचं दूध काढून त्यात काय आणि किती मिसळायचं, की नळीने पाजायचं, हे बालरोगतज्ज्ञ ठरवतात. मनाने दूध पावडर घट्ट कालवणं धोक्याचं आहे, त्याने किडनीवर ताण येतो.

दुसरी कडी थायरॉइडची. टीएसएच वाढलेलं असताना भूल देणं टाळतात, आणि औषध सुरू केल्यावर पातळी खाली यायला काही आठवडे जातात. म्हणून ऑपरेशनच्या तारखेच्या किमान सहा आठवडे आधी हा रिपोर्ट हातात हवा. औषध सुरू केलं किंवा डोस बदलला की 2 ते 4 आठवड्यांनी पुन्हा टीएसएच.

तिसरी कडी लसींची, जी नेहमी विसरली जाते. ऑपरेशनमध्ये बाळाला रक्त किंवा प्लाझ्मा दिला जातो. त्यातली तयार प्रतिपिंडं काही महिने गोवराच्या लसीला निष्प्रभ करतात. रक्तपेशींनंतर साधारण 6 महिने, प्लाझ्मा किंवा प्लेटलेटनंतर 7 महिने असं अंतर सांगितलं जातं. बाळाचं ऑपरेशन पाचव्या महिन्यात झालं असेल तर नवव्या महिन्यातली गोवर-रुबेलाची लस ठरल्या दिवशी देऊन पुरेसा उपयोग होणार नाही. आसपास गोवराची साथ असेल तर डॉक्टर ती तरीही देतील आणि नंतर पुन्हा द्यायला सांगतील. पोलिओ, रोटाव्हायरस, पेंटाव्हॅलंट (पाच आजारांची एकत्र लस) यांना हे बंधन नाही. आशाताईंना आणि परिचारिकांना हे तोंडी सांगून भागत नाही, लसीच्या कार्डावर ‘रक्त दिलं, तारीख अमुक’ असं लिहून घ्या. सहा महिन्यांनंतर फ्लूची लस: पहिल्या वर्षी चार आठवड्यांच्या अंतराने दोन, मग दर वर्षी एक.

औषधांची वेळापत्रकं एकमेकांवर आदळतात

थायरॉइडचे डॉक्टर थायरॉक्सिन लिहितात, बालरोगतज्ज्ञ लोहाचे थेंब. दोन्ही ‘सकाळी’. आई दोन्ही एका वाटीत कालवते, लोह थायरॉक्सिनला धरून ठेवतं आणि ते शोषलं जात नाही. महिन्याने टीएसएच वाढलेलं येतं, डोस वाढवला जातो. पुढे कधीतरी लोह बंद झालं की तोच डोस जास्त ठरतो. उपाय साधा आहे: दोन्हींत किमान चार तासांचं अंतर. कॅल्शियमलाही हाच नियम.

थायरॉक्सिनची गोळी दोन चमच्यांमध्ये चुरडून चमचाभर पाण्यात किंवा आईच्या दुधात कालवा आणि लगेच पाजा. बाटलीभर दुधात घातली तर बाळ अर्धी बाटली सोडतं आणि डोस किती गेला ते कळत नाही. कालवून ठेवून संध्याकाळी पाजू नका.

फ्रुसेमाइड अनेक गावांत पुड्या करून मिळतं. एका गोळीच्या आठ-दहा पुड्या केल्या की प्रत्येकीत सारखं औषध येतच नाही. पातळ औषध मिळत असेल तर तेच घ्या, आणि चिठ्ठीवर नेहमी मिलिग्रॅममध्ये लिहून घ्या. ‘अर्धी पुडी’, ‘पाव गोळी’ हे दुसऱ्या डॉक्टरला वाचता येत नाही. पॅरासिटामॉलच्या बाबतीतही हीच चूक होते. थेंबांच्या बाटलीत एका मि.ली.त 100 मि.ग्रॅ. असतं. साध्या सिरपमध्ये 5 मि.ली.त 125 किंवा 250 मि.ग्रॅ. ‘दीड मि.ली. द्या’ हे वाक्य बाटली बदलली की धोक्याचं होतं. डोस वजनावर ठरतो: किलोला 15 मि.ग्रॅ., दोन डोसमध्ये सहा तास.

पाठवण्याची चिठ्ठी आणि परतीची चिठ्ठी

‘ईएनटी (कान-नाक-घसा) ओपिनियन’ एवढंच लिहिलेली चिठ्ठी घेऊन ओपीडीच्या रांगेत उभं राहू नका. चिठ्ठीत एक प्रश्न हवा. ‘बोलणं उशिरा आहे. बेरा एका कानाचा सदोष. पडद्यामागे पाणी आहे का, नळी घालावी लागेल का?’ असा प्रश्न गेला की उत्तरही तेवढंच नेमकं येतं.

परतीची चिठ्ठी मागून घ्यावी लागते. ओपीडी संपण्याआधी तिथल्या डॉक्टरांना विचारा: ‘आमच्या बालरोगतज्ज्ञांसाठी दोन ओळी लिहून द्याल का: काय सापडलं, काय बदललं, पुन्हा कधी?’ बहुतेक जण देतात. सरकारी मेडिकल कॉलेजमध्ये प्रत्येक विभागाचे ओपीडीचे वार ठरलेले असतात, ते एकदा वहीत उतरवून घ्या. नांदेडहून किंवा धाराशिवहून मुंबई-पुण्याला जाणाऱ्या कुटुंबाला एका फेरीत इको, थायरॉइड आणि डोळे उरकता आले तर रजा, भाडं आणि बाळाची दमछाक तिन्ही वाचतात. या तारखा जुळवायला बालरोगतज्ज्ञाचा एक फोन पुरतो. तो तुम्ही करून पाहिलात तर बहुधा ‘ओपीडीत येऊन विचारा’ असं उत्तर मिळेल.

दोन डॉक्टरांचे सल्ले उलटसुलट आले तर कोण बरोबर हे आईवडिलांनी ठरवायचं नसतं. औषध बंदही करायचं नसतं. दोन्ही कागद घेऊन बालरोगतज्ज्ञांकडे जा आणि ते दोघांशी बोलून लिहून देईपर्यंत कोणतं चालू ठेवायचं, एवढंच विचारा.

‘डाऊनमुळेच असेल’

हे वाक्य कानावर आलं की सावध व्हा. बाळ सुस्त आहे, डाऊनमुळे. वजन वाढत नाही, डाऊनमुळे. बोलत नाही, बद्धकोष्ठ आहे, घोरतं, सगळं डाऊनमुळे. सुस्तीमागे थायरॉइड असू शकतं, वजनामागे हृदय किंवा सीलिॲक आजार (गव्हातलं ग्लूटेन न सोसणं), बोलण्यामागे कानात साठलेलं पाणी. या मुलांच्या कानाची वाट अरुंद असते, आत बघणं अवघड जातं आणि ‘मळ आहे’ म्हणून विषय संपतो. ऐकण्याची चाचणी दर सहा महिन्यांनी करत राहायची, दोन्ही कानांचा वेगवेगळा खात्रीचा रिपोर्ट मिळेपर्यंत. घोरणं, झोपेत श्वास थांबणं, बसून किंवा मान मागे टाकून झोपणं असेल तर टॉन्सिल-ॲडिनॉइड बघायचे. तसं काही दिसत नसलं तरी चार वर्षांपर्यंत एकदा झोपेची तपासणी व्हावी.

चालणाऱ्या मुलाची चाल अचानक बिघडली, हातांची ताकद कमी झाली, मान वाकडी राहू लागली, कळणारी लघवी पुन्हा नकळत होऊ लागली, तर मानेचे मणके सरकून मज्जारज्जूवर दाब येत असू शकतो. मान हलू न देता त्याच दिवशी दवाखाना गाठा. लक्षणं नसताना दर वर्षी मानेचा एक्स-रे काढण्याची गरज नाही, त्याने पुढचं भाकीत होत नाही.

थेरपी आणि कागदपत्रं

हृदयाचं ऑपरेशन होईपर्यंत थेरपी थांबवायची नसते. जमेल तेवढी, बाळाला धाप न लागता, दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यापासूनच सुरू करायची. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात (2013 पासून) जन्मापासून 18 वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी होते आणि डाऊन सिंड्रोम त्याच्या यादीत आहे. पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा येतं, पण त्याची वाट न बघता जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात थेट जाता येतं. फिजिओथेरपी, वाचा, श्रवण तिथे मोफत असतात. तिथल्या थेरपिस्टलाही फाइलचं पहिलं पान दाखवा.

ऑपरेशनसाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंत संरक्षण आहे. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसतात. शिधापत्रिका आणि बाळाचा जन्मदाखला घेऊन त्यांना आधी भेटा, कारण पूर्वमंजुरीला वेळ लागतो. बाळाचं नाव शिधापत्रिकेवर यायचं असतं, तोवर जन्मदाखला हाच आधार. म्हणून नाव ठेवायला बारशाची वाट बघायची असली तरी दाखल्याचं काम पहिल्या महिन्यातच उरका.

दिव्यांग प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड (दिव्यांग व्यक्तीचं देशभर चालणारं ओळखपत्र) 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याखाली मिळतं. लहान वयात ते सहसा ठरावीक मुदतीचं असतं, मुदत पहिल्या पानावर लिहा. नॅशनल ट्रस्टच्या (बौद्धिक दिव्यांगत्व वगैरे असलेल्यांसाठीची केंद्र सरकारची संस्था) निरामय योजनेत वर्षाला 1 लाखापर्यंतचा आरोग्य विमा मिळतो आणि त्यात थेरपीचाही खर्च बसतो.

दर वर्षी एक लांब भेट

वाढदिवसाच्या महिन्यात. टीएसएच, हिमोग्लोबिन आणि लोहाचा साठा, कान, डोळे, दात, झोप. वजन-उंची डाऊन सिंड्रोमच्या वेगळ्या वाढ-तक्त्यावरही मांडायची, पण लठ्ठपणा बघताना नेहमीचा तक्ताच वापरायचा, नाहीतर जाड मूल ‘सरासरी’ दिसतं. हृदयाचं ऑपरेशन झालेल्या मुलाच्या दातांवर उपचार करण्याआधी अँटिबायोटिक लागेल का हे हृदयरोगतज्ज्ञांकडून लिहून आणायचं. दंतवैद्याने अंदाज करायचा नाही. शाळेत जाऊ लागलं की वर्गशिक्षकांसाठी अर्ध्या पानाची वेगळी चिठ्ठी: ऐकू कमी येत असेल तर पहिल्या बाकावर, कोलांट्या उड्या नकोत, औषध असेल तर त्याची वेळ.

चौदा-पंधरा वर्षांपासून मोठ्यांचा फिजिशियन शोधायला लागा आणि एक-दोन भेटी दोघांकडे मिळून करा. अठरा पूर्ण झाल्यावर कायद्याने आईवडील आपोआप पालक राहत नाहीत. नॅशनल ट्रस्ट कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या स्थानिक स्तर समितीकडे पालकत्वाचा अर्ज करावा लागतो, आणि त्याच्यासोबत यूडीआयडी कार्ड जोडावं लागतं. त्याची मुदत संपलेली नाही ना, हे अर्जाच्या वर्षभर आधी बघून ठेवा.